ड्रायसूटचे माप

ड्रायसूट म्हणजे थंड पाण्यावर शिडाची होडी चालवताना घालायचा, गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत अखंड असलेला जलरोधक पोशाख. उघडे राहते ते फक्त डोके आणि मनगटापुढचे हात. मराठीत याला वेगळे नाव रुळलेले नाही. ‘कोरडा पोशाख’ म्हटले तर दोरीवर वाळत घातलेले कपडे आठवतात, म्हणून ड्रायसूट हाच शब्द बरा. वेटसूट वेगळा. तो फुगीर रबराचा, म्हणजे निओप्रीनचा, अंगाला घट्ट चिकटणारा असतो; त्यात पाण्याचा पातळ थर शिरतो आणि अंगाच्या उबेने कोमट होतो. ड्रायसूटमध्ये पाणी शिरायचेच नसते. मात्र पातळ कापडाच्या ड्रायसूटला स्वतःची ऊब नसते. ऊब आतल्या कपड्यांची, आणि ते कपडे कोरडे ठेवण्यापुरतेच सूटचे काम.

सातारा-सांगलीच्या पाण्यावर त्याची गरज पडत नाही. थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचे दव गोठते, त्याची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. पण गोठते ते दव, तलाव नव्हे. बामणोली-तापोळ्याला कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात फिरणाऱ्या लाँचवर किंवा सांगलीत कृष्णेवरच्या होड्यांच्या शर्यतीत ड्रायसूट चढवणारा उन्हानेच आडवा होईल. तिथे हवे ते लाइफ जॅकेट. या भागातल्या माणसाला ड्रायसूट भेटतो तो परदेशी. शिकायला किंवा नोकरीला स्कॉटलंड, नॉर्वे, कॅनडाकडे गेलेली मुले तिथल्या सेलिंग क्लबात जातात, आणि कृष्णेच्या घाटावर लहानपणापासून पोहलो आहोत या भरवशावर कपड्यांकडे दुर्लक्ष करतात.

तो भरवसा थंड पाण्यात चालत नाही. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात अचानक पडले की पहिल्याच क्षणी श्वास आत ओढला जातो, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी बर्फगार पाण्यासाठी एक सोपा हिशेब रूढ केला आहे: श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे, शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. चांगला बसलेला ड्रायसूट पहिला धक्का बोथट करतो आणि पुढची मुदत लांबवतो. गळणाऱ्या सूटचा असा भरवसा धरता येत नाही. म्हणून कापड कोणते, कंपनी कोणती, यापेक्षा माप महत्त्वाचे.

कापडाची गोष्ट थोडक्यात. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबर दाबून जलरोधक कापड केले, त्याचे पेटंट १८२३ चे. पॉल बॉयटन १८७५ मध्ये हवा भरलेल्या रबरी पोशाखात इंग्लिश खाडी पार करून गेला. १९६९ मध्ये बॉब गोर यांना सूक्ष्म छिद्रांचा पडदा साधला आणि घामाची वाफ बाहेर सोडणारे पण पाणी अडवणारे कापड शक्य झाले. महाग सूट आज अशा कापडाचे असतात. स्वस्त सूटमध्ये घाम आतच राहतो, आणि बाहेर आल्यावर सूट गळतोय की आपणच भिजलो याचा उलगडा होत नाही.

आता माप. आपल्याकडचा शिंपी छाती, कंबर, शोल्डर, बाही, उंची घेतो. ड्रायसूटला यापलीकडचे एक माप लागते, आणि चूक बहुधा त्याच मापात होते: उभा घेर. मानेच्या मुळाशी टेप धरायचा, पाठीवरून खाली, दोन्ही पायांमधून पुढे, पोटावरून वर आणून पुन्हा त्याच जागी. शर्ट-पँटमध्ये हे माप कंबरेशी तुटते, म्हणून ते घेण्याची सवय नसते. एकसंध पोशाखात ते आखूड पडले की आसन जांघेत ओढते, खांदे खाली खेचले जातात, पाऊल उचलून होडीत टाकता येत नाही. पोट सुटलेल्या माणसाची अडचण वेगळी: पोटाच्या मापाने सूट घेतला तर पायांत घोळ साचतो.

हे सगळे आतले कपडे घालून मोजायचे. मे महिन्यात, सांगलीच्या एखाद्या शिंप्याच्या दुकानात, दोन जाड कपडे चढवून घाम पुसत उभे राहणे वेडेपणाचे दिसते खरे. पण बनियनवर घेतलेले माप थंडीत काखेत धरते. आतला कपडा लोकरीचा किंवा पॉलिएस्टर फ्लीसचा हवा, सुती नको. ओली लोकरही काही ऊब धरून ठेवते, हे घोंगडी पांघरून पावसात मेंढरे राखणाऱ्या माणदेशी धनगराला कुणी सांगायला नको.

सूट घातल्यावर चेन लावायची, उकिडवे बसायचे आणि गळ्याचे सील, म्हणजे पाणी अडवणारी घट्ट पट्टी, बोटाने किंचित उघडून आतली हवा बाहेर काढायची. मग त्याच स्थितीत तपासायचे. उकिडवे बसताना पाठ ओढते का? दोन्ही हात डोक्यावर नेले की मनगटाचे सील सरकते का? लहान होडीत पाय पट्ट्यात अडकवून अंग मागे, पाण्यावर झोकावे लागते आणि शिडाचा दांडा फिरला की झटकन वाकावे लागते. तेव्हा गुडघा आणि बूड इथे जागा हवी. पण फार सैलही नको. घोळात हवा राहते, ती पायात गेली की पाय वर तरंगतात आणि पोहणे अवघड होते. बहुतेक सूटना पायमोजे जोडलेलेच असतात, त्यामुळे वरचे बूट नेहमीपेक्षा मोठे लागतात.

खरी कसोटी सीलची. गळ्याला आणि मनगटांना लॅटेक्स, सिलिकॉन किंवा निओप्रीनची पट्टी असते. नवे लॅटेक्स मुद्दाम घट्ट देतात. ते आधी मानेच्या घेराएवढ्या डब्यावर रात्रभर चढवून ताणतात. तरीही घट्ट वाटले तर धारदार कात्रीने एकेक बारीक कडी कापतात. कात्री मध्येच थांबून काप वाकडा झाला की तिथूनच पुढे चीर जाते. गिळता येणे, मान दोन्हीकडे वळणे, आणि काही मिनिटांनी डोके हलके न वाटणे, एवढे जमले की गळा बसला. चक्कर येत असेल तर मानेच्या शिरांवर दाब पडतो आहे.

मनगटात एक खोच आहे. दोर घट्ट पकडला की मनगटाच्या आतल्या बाजूच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, उठतात आणि त्यांच्यामधल्या खळगीतून पाणी आत झिरपते. सील हाडाच्या वर, हाताच्या गोल भागावर बसवले की हे थांबते. सीलखालून एक धागा गेला तरी तीच वाट होते. मनगटातला गंडा, गळ्यातले मंगळसूत्र, मानेवरचे केस, स्वेटरची कड. हे सगळे आधी बाजूला. अंगठ्या-बांगड्या लॅटेक्स फाडतात. डोक्याला खोबरेल लावून सूट घालण्याची सवय तर त्याहून वाईट, कारण तेलाने लॅटेक्स चिकट होऊन कुजते. चढवताना वास नसलेली टाल्कम पावडर वापरतात. ड्रायसूटवर लाइफ जॅकेट घालायचेच असते, कारण सूटमध्ये अडकलेल्या हवेवर तरंगण्याची हमी नसते.

पुराच्या निमित्ताने हा पोशाख आपल्याकडेही चर्चेत येऊ शकतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. ते पाणी थंड नव्हे, घाण असते. सांडपाणी आणि लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगांपासून बचाव म्हणून इतरत्र बचाव पथके जाड कापडाचे ड्रायसूट घालतात. इथल्या उकाड्यात तो तासन्‌तास अंगावर ठेवणे कठीणच, आणि एक सूट चौघांनी आळीपाळीने घालायचा तर गळ्याचे सील कुणाच्याच मापाचे राहत नाही.

गळती शोधायची रीत पंक्चरवाल्याची. सील बांधून सूट फुगवायचा, वरून साबणाचे पाणी लावायचे आणि बुडबुडा कुठे येतो ते पाहायचे. कापडातले छिद्र ठिगळाने बुजते. पितळी दातांच्या चेनला मेण लावतात. ती दुमडून ठेवली तर दात वाकतात आणि बदलायचा खर्च मोठा येतो. सुटीत घरी आणलेला सूट पत्र्याखालच्या माळ्यावर टाकला तर उष्णतेने लॅटेक्स मऊ पडते. चिकट झालेले सील पुन्हा ताणून चालत नाही, नवेच बसवावे लागते, आणि नव्या सीलचे माप पुन्हा पहिल्यापासून.