जेम्सटाउन: कागदावरचा इतिहास आणि मातीतला

विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत बहुतेक अभ्यासकांची खात्री होती की जेम्सटाउनचा, म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रजांच्या पहिल्या टिकलेल्या वसाहतीचा, मूळ कोट जेम्स नदीने गिळून टाकला आहे. व्हर्जिनियाच्या या बेटाचा पश्चिम काठ वर्षानुवर्षं ढासळत आला होता, त्यामुळे समजूत पटण्यासारखीही होती. १९९४ मध्ये विल्यम केल्सो या पुरातत्त्वज्ञाने तिथे खणायला घेतलं तेव्हा त्याच्या हाताशी मोजकाच पुरावा होता. विल्यम स्ट्रेची या वसाहतवाल्याने कोटाची मापं लिहून ठेवली होती: आकार त्रिकोणी, नदीकडची बाजू १४० यार्ड, उरलेल्या दोन शंभर-शंभर यार्ड. शिवाय १६०८ मध्ये स्पेनच्या लंडनमधल्या राजदूताने, पेद्रो दे झुनिगाने, आपल्या राजाला गुपचूप धाडलेल्या नकाशावर एक छोटा त्रिकोण काढलेला होता.

मातीत काळपट गोल डाग दिसू लागले. ओळीने रोवलेले मेढेकोटाचे लाकडी खांब कुजले की मागे असेच डाग राहतात. १९९६ मध्ये जाहीर झालं की कोट सापडला आहे आणि नदीने त्याचा फक्त एक कोपरा नेला आहे. ज्या जमिनीवर लोक इतकी वर्षं फिरत होते, तिच्याखालीच तो होता. ही जागा शाबूत राहण्याचं श्रेय बरंच मागे जातं. १८९३ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेला तिथली साडेबावीस एकर जमीन मिळाली आणि पुढे काठाला संरक्षक बांध घातला गेला. तो बांध नसता तर केल्सोला शोधायला काही उरलं नसतं.

मुळात ही वसाहत म्हणजे एका कंपनीचा धंदा होता. १६०६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली आणि मे १६०७ मध्ये तीन जहाजांतून आलेले १०४ पुरुष आणि मुलगे या बेटावर राहिले. कंपनीचा खजिनदार, म्हणजे प्रत्यक्षात कारभारी, सर थॉमस स्माइथ होता. ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नरही तोच. आपण या दोन इतिहासांचे धडे वेगवेगळे वाचतो, पण लंडनमध्ये माणसं तीच होती. जहाजं घेऊन आलेला कॅप्टन ख्रिस्तोफर न्यूपोर्ट पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरला आणि १६१७ मध्ये जावा बेटावरच्या बांतम बंदरात वारला. जेम्सटाउनमध्ये कडक लष्करी कायदा राबवणारा सर थॉमस डेल १६१९ मध्ये आपल्या मच्छलीपट्टणला मरण पावला.

धंदा म्हटला की भागधारक आले, आणि भागधारकांना घाबरवून चालत नाही. म्हणून जेम्सटाउनची जुनी कागदपत्रं वाचताना कोण कोणासाठी लिहितो आहे हे आधी पाहावं लागतं. १६०९-१० चा हिवाळा घ्या. तिथल्या मूळ रहिवाशांचा, पॉव्हाटन लोकांचा, कोटाला वेढा पडला होता, धान्य संपलं होतं. सुमारे ३०० माणसांपैकी ६० च्या आसपास उरली. तेव्हाचा प्रमुख जॉर्ज पर्सी याने लिहिलं की लोकांनी घोडे, कुत्री, उंदीर, साप खाल्ले आणि शेवटी पुरलेली प्रेतंही उकरली. कंपनीच्या छापील खुलाशात मात्र माणूस खाल्ल्याची गोष्ट खोडून काढली होती. नंतरच्या काळातही काही इतिहासकारांना पर्सी अतिशयोक्ती करतो असंच वाटत होतं.

२०१२ मध्ये एका तळघरात, घोड्या-कुत्र्यांच्या हाडांच्या ढिगात, सुमारे १४ वर्षांच्या एका इंग्रज मुलीची कवटी आणि पायाचं हाड मिळालं. स्मिथसोनियन संस्थेचे डग्लस औस्ली यांनी त्यांवरच्या सुरीच्या आणि घावांच्या खुणा तपासल्या. मृत्यूनंतर मांस आणि मेंदू काढल्याच्याच त्या खुणा होत्या. मुलीचं नाव कळलेलं नाही. संशोधक तिला जेन म्हणतात. तिच्याबद्दल वाचताना मला पुढे जाववत नाही. चारशे वर्षं तिच्या बाजूने बोलायला त्या हाडांखेरीज काही नव्हतं.

उपासमारीचा दोष पूर्वी सरळ वसाहतवाल्यांच्या आळसावर टाकला जाई. वसाहतीच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी एक असलेल्या कॅप्टन जॉन स्मिथच्या लिखाणाने हे चित्र पक्कं केलं. मग १९९८ मध्ये त्या भागातल्या जुन्या सायप्रस झाडांच्या वार्षिक वलयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की १६०६ ते १६१२ ही ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी सात वर्षं होती. अवर्षणात नदीचं पाणी अधिक मचूळ होतं आणि मका करपतो. आपल्याच मुलांना पुरेना तो मका पॉव्हाटन लोक परक्यांना कुठून देणार होते? इंग्रजांनी तो मागितला, मग बळजबरीने नेला, आणि वैर पेटलं. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पॉव्हाटनांची बाजू शोधणं मात्र सर्वांत अवघड आहे, कारण त्यांनी कागद मागे ठेवले नाहीत. त्यांचा प्रमुख वाहुनसेनाका आणि त्याची मुलगी पोकाहोंटस आपल्याला भेटतात ती इंग्रजांच्या शब्दांत. तिने स्मिथचा जीव वाचवल्याची प्रसिद्ध कथाही स्मिथच्या १६०८ च्या वृत्तांतात नाही. ती छापून आली १६२४ मध्ये. त्या प्रमुखाची राजधानी वेरोवोकोमोको कुठे होती, हेसुद्धा २००३ मध्ये, यॉर्क नदीकाठच्या उत्खननाच्या वेळी जाहीर झालं.

आफ्रिकी माणसांचंही तेच. ऑगस्ट १६१९ मध्ये 'वीस आणि काही' आफ्रिकी कैदी जेम्स नदीच्या मुखाजवळच्या पॉइंट कम्फर्टला उतरवून विकले गेले, एवढीच एका पत्रातली ओळ. १६२५ च्या गणतीत कॅप्टन विल्यम पिअर्सच्या घरी एका स्त्रीची नोंद आहे: नाव अँजेलो, आलेली 'ट्रेझरर' जहाजातून. आज तिला अँजेला म्हणतात, आणि पिअर्सच्या त्या जागेवर अलीकडच्या वर्षांत उत्खनन झालं आहे.

१६२४ मध्ये कंपनीची सनद रद्द झाली, १६७६ च्या बंडात गाव जळलं आणि १६९९ मध्ये व्हर्जिनियाची राजधानी तिथून विल्यम्सबर्गला गेली. ओसाड पडल्यामुळेच खालची माती बरीचशी न उकरता राहिली. आतापर्यंत तिथून ३० लाखांहून जास्त वस्तू निघाल्या आहेत. पण नदीचं पाणी चढतं आहे, बेटाचा सखल भाग वारंवार बुडतो, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यातल्या ऐतिहासिक स्थळांच्या यादीत जेम्सटाउनचं नाव आलं. नदीने कोट नेला ही समजूत तेव्हा चुकीची ठरली होती. आता मात्र पाणी येण्याआधी उरलेली जमीन खणून व्हावी, यासाठी तिथली माणसं झटत आहेत.