ट्यूब अ‍ॅम्प आणि डिजिटल मॉडेलर: फरक नेमका कुठे आहे?

ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज डिजिटल मॉडेलरमध्ये हुबेहूब उतरतो का, यावर गिटारवादकांमध्ये दोन तट आहेत. ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या नळ्यांनी (ट्यूबनी) गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, आणि मॉडेलर म्हणजे त्या आवाजाची आकड्यांनी नक्कल करणारं उपकरण. एक तट म्हणतो, रेकॉर्डिंग ऐका आणि कोणतं कशाचं ते सांगून दाखवा. दुसरा म्हणतो, अ‍ॅम्पसमोर उभं राहून वाजवा, मग कळेल. माझ्या मते दोघांचंही निरीक्षण खरं आहे, पण ते वेगवेगळ्या गोष्टींची तुलना करताहेत. ट्यूबच्या आत जे घडतं ते आज गणिताने फार जवळपर्यंत गाठता येतं. मॉडेलरमध्ये जे हुकल्यासारखं वाटतं, त्यातलं बरंचसं मुळात ट्यूबमध्ये नसतंच. ते स्पीकर, खोली आणि गिटारच्या तारा यांच्यात असतं.

आधी ट्यूब काय करते ते पाहू. पिकअपमधून, म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणाऱ्या गिटारच्या भागातून, येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, बहुतेक वेळा एका व्होल्टहूनही कमी. तो ट्रायोडच्या ग्रिडला दिला जातो. ट्रायोड म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, दोन-तीनशे व्होल्टवर असलेली प्लेट त्यांना ओढून घेते आणि वाटेत ग्रिडची जाळी असते. ग्रिडचं व्होल्टेज जरासं हललं की प्लेटकडे जाणारा प्रवाह बराच बदलतो. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली दिव्यासारख्या नळीत ही तिसरी पट्टी, म्हणजे ग्रिड, घातली, आणि पुढे रेडिओपासून गिटार अ‍ॅम्पपर्यंत सगळं त्यावर उभं राहिलं. गिटार अ‍ॅम्पच्या पहिल्या टप्प्यात आजही बहुतेक ठिकाणी १२एएक्स७ ही ट्यूब दिसते. तिच्या एका काचेत दोन ट्रायोड असतात.

महत्त्वाची गोष्ट अशी की ट्रायोडमधला प्रवाह व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. तो साधारण दीड घाताने वाढतो. म्हणजे आवाज फाटायच्या कितीतरी आधीच लाट थोडी वाकलेली असते. जुन्या अभियंत्यांना हे वाकणं नकोच होतं. बेल लॅब्जच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये निगेटिव्ह फीडबॅकची (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा काही भाग उलटा करून परत आत देण्याची) युक्ती काढली ती ही विकृती कमी करण्यासाठीच. लिओ फेंडर यांनाही स्वच्छ आणि मोठा आवाज हवा होता. त्यांच्या १९५०च्या दशकाच्या शेवटच्या बासमन अ‍ॅम्पचं सर्किट समोर ठेवून लंडनमध्ये जिम मार्शल यांच्याकडे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जेटीएम४५ तयार झाला. वादकांनी मात्र हे अ‍ॅम्प स्वच्छ आवाजाची मर्यादा ओलांडून वाजवले आणि त्या फाटलेल्या आवाजातूनच इलेक्ट्रिक गिटारची स्वतःची भाषा तयार झाली.

लाट वाकली की मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वर उमटतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. दोन स्वर एकत्र वाजवले तर आणखी एक गोष्ट होते: त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही तयार होतात. ११० हर्ट्झचा ए आणि त्याच्या वरचा पंचम, साधारण १६५ हर्ट्झचा ई, एकत्र छेडा. वजाबाकी ५५ हर्ट्झ, म्हणजे खालच्या सप्तकातला ए. बेरीज २७५ हर्ट्झ, म्हणजे २२०च्या ए वरचा शुद्ध गंधार. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे अशा फाटलेल्या आवाजात, पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि त्याचा पंचम) इतकी भारदस्त का वाटते, त्याचं उत्तर या साध्या बेरीज-वजाबाकीत आहे. तीच डिस्टॉर्शन ठेवून मोठी कॉर्ड वाजवली की बेरीज-वजाबाकीचे स्वर कॉर्डमध्ये न बसणारे निघतात आणि सगळं गढूळ होतं. ट्यूब असो की चिप, हे गणित दोघांनाही चुकत नाही.

ट्यूबमध्ये सम हार्मोनिक असतात म्हणून ती गोड, ट्रान्झिस्टरमध्ये विषम म्हणून तो कर्कश, हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. १९७३ साली रसेल हॅम यांचा ट्यूब आणि ट्रान्झिस्टर यांच्या तुलनेवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात माइकचे प्रीअ‍ॅम्प (माइकचा क्षीण सिग्नल मोठा करणारे टप्पे) त्यांच्या क्षमतेपलीकडे ढकलल्यावर काय होतं ते तपासलं होतं. गिटार अ‍ॅम्पला तो निष्कर्ष सरसकट लावणं मला पटत नाही. मोठ्या अ‍ॅम्पच्या शेवटच्या टप्प्यात ईएल३४ किंवा ६एल६ ट्यूबची जोडी पुश-पुल पद्धतीने काम करते. एक ट्यूब लाटेचा वरचा भाग उचलते, दुसरी खालचा. या रचनेत त्या टप्प्यात तयार होणारे सम हार्मोनिक एकमेकांना बरेचसे रद्दच करतात. तेव्हा विषम हार्मोनिक ट्यूब अ‍ॅम्पमध्येही भरपूर असतात, आणि लोकांना ते आवडतातही.

ट्यूबचं खरं वैशिष्ट्य हार्मोनिकच्या यादीत सापडत नाही. ते सर्किटच्या आठवणीत आहे. अ‍ॅम्पच्या दोन टप्प्यांमध्ये एक कपॅसिटर असतो. बऱ्याच प्रसिद्ध सर्किटांमध्ये तो ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो आणि त्याच्यापुढे दहा लाख ओहमचा रेझिस्टर. जोरात पिक (तार छेडायची पट्टी) मारला की पुढच्या ट्यूबची ग्रिड क्षणभर धन होते आणि स्वतःच प्रवाह ओढू लागते. कपॅसिटर या वाटेने झटकन चार्ज होतो. उतरताना मात्र त्याला त्या मोठ्या रेझिस्टरमधून जावं लागतं, आणि त्याचा कालांक (उतरायला लागणाऱ्या वेळेचं माप) ०.०२२ गुणिले १० लाख, म्हणजे २२ मिलिसेकंद. तेवढा वेळ ट्यूबचा बायस, म्हणजे ग्रिडचं शांत असतानाचं ठरलेलं व्होल्टेज, सरकलेला राहतो. पिकचा आघात एका तऱ्हेने वाजतो आणि त्यामागून येणारा स्वर दुसऱ्या तऱ्हेने. हा परिणाम जास्त झाला तर आवाज अडखळतो, बेताचा असला तर त्याला वादक स्पर्श म्हणतात.

अशीच एक आठवण पॉवर सप्लायमध्ये असते. जोरदार कॉर्ड मारली की पॉवर ट्यूब एकदम जास्त प्रवाह मागतात. जुन्या अ‍ॅम्पमधल्या रेक्टिफायर ट्यूबला (एसी वीज डीसी करणाऱ्या ट्यूबला) स्वतःचा अंतर्गत रोध असतो, त्यामुळे व्होल्टेज खाली बसतं आणि सावकाश पुन्हा चढतं. आवाज क्षणभर दबतो आणि मग फुलतो. याला सॅग म्हणतात. बोटांना जाणवणारा तो लवचीकपणा इथून येतो.

आता मॉडेलरकडे वळू. इथे सिग्नल सेकंदाला, समजा, ४८,००० वेळा मोजला जातो आणि पुढचं सगळं आकड्यांवर चालतं. नुसता ट्यूबचा वाकलेला आलेख (वक्र) घेऊन प्रत्येक आकडा त्यावर बसवला तर दोन गोष्टी बिघडतात. एक, आठवण नसते, म्हणून आवाज निर्जीव वाटतो. सुरुवातीच्या काळातल्या स्वस्त डिजिटल डिस्टॉर्शनला लोक नावं ठेवत, ते बऱ्याच अंशी यामुळेच. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ४८,००० मोजण्यांमध्ये फक्त २४,००० हर्ट्झपर्यंतच्याच वारंवारता मावतात. ५,००० हर्ट्झचा एखादा घटक डिस्टॉर्शनमधून गेला की त्याचा सातवा हार्मोनिक ३५,००० हर्ट्झवर तयार होतो. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये तो कानाच्या पलीकडे जाऊन विरून जातो. आकड्यांमध्ये मात्र त्याला जागाच नाही, म्हणून तो दुमडून ४८,००० वजा ३५,०००, म्हणजे १३,००० हर्ट्झवर येऊन बसतो. ५,०००शी त्याचं कोणतंही सुरेल नातं नाही. तुम्ही तार वर ओढली की मूळ स्वर चढतो आणि हा आगंतुक उलट खाली उतरतो. कानाला खुपतं ते हेच. याला अ‍ॅलियासिंग म्हणतात. उपाय असा की डिस्टॉर्शनचा हिशेब आठपट किंवा त्याहून जास्त वेगाने करायचा, वरचं सगळं गाळून टाकायचं आणि मग मूळ वेगावर परत यायचं. त्याला संगणनशक्ती भरपूर लागते. १९९५ साली रोलंडचं व्हीजी-८ आणि १९९८ साली लाइन ६चं पॉड आलं, तेव्हाच्या चिप आजच्या मानाने फार दुबळ्या होत्या. त्या पिढीच्या मॉडेलरवरून आजच्याबद्दल मत बनवणं अन्यायाचं आहे.

आठवणीचा प्रश्न दोन वाटांनी सोडवला जातो. पहिल्या वाटेत सर्किटमधला प्रत्येक कपॅसिटर, रेझिस्टर आणि ट्यूब समीकरणांत मांडतात आणि प्रत्येक मोजणीला ती समीकरणं सोडवतात. ४८,००० च्या हिशेबात एका मोजणीला मिळतात जेमतेम २१ मायक्रोसेकंद, आठपट वेगाने तर तीनपेक्षाही कमी. या वाटेचा मोठा फायदा म्हणजे नॉब खऱ्यासारखे वागतात. बास वाढवला की मिडलवरही परिणाम होतो, कारण खऱ्या सर्किटमध्येही ते एकमेकांत गुंतलेले असतात.

दुसऱ्या वाटेत अ‍ॅम्पच्या आत डोकावायचंच नाही. आत ठरावीक सिग्नल सोडायचा, बाहेर काय येतं ते नोंदवायचं आणि त्यावरून वागणूक शिकायची. २०११ मध्ये केम्परच्या प्रोफाइलरने हा विचार वादकांपर्यंत नेला, आणि आता हे काम न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारे संगणक-प्रोग्राम) करतात. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेलं काम मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं. नेटवर्क शिकवायला तीन मिनिटांचा आवाज पुरतो, हे त्यांनी दाखवलं. मग दोन ट्यूब अ‍ॅम्पची मॉडेल करून लोकांना ऐकवली. एका अ‍ॅम्पच्या बाबतीत श्रोत्यांना फरक ओळखता आला, तरीही सर्वांत चांगल्या मॉडेलचा दर्जा त्यांनी उत्कृष्ट ठरवला. दुसऱ्या अ‍ॅम्पच्या बाबतीत मोठ्या नेटवर्कचा आवाज आणि मूळ आवाज यांतला फरक अनेकांना ऐकूच आला नाही. या वाटेची मर्यादाही स्पष्ट आहे: नॉब ज्या जागी असताना अ‍ॅम्प टिपला, त्या जागेचंच ते चित्र असतं. गेनचा (सिग्नल किती वाढवायचा त्याचा) नॉब फार हलवला की पुढचा आवाज मूळ अ‍ॅम्पचा राहत नाही, मॉडेलचा अंदाज असतो.

मग अ‍ॅम्पसमोर उभं राहून वाजवणाऱ्याला जो फरक जाणवतो, तो कुठून येतो?

पहिलं कारण स्पीकर. बारा इंची गिटार स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने मावळतो, म्हणून तर डिस्टॉर्शन सुसह्य होते. मॉडेलर त्याची नक्कल इम्पल्स रिस्पॉन्सने करतो: स्पीकरसमोर ठेवलेल्या माइकने टिपलेली त्या स्पीकरची सही. पण हा स्पीकर माइकच्या कानाने ऐकलेला आहे. माइक कोनापासून काही सेंटिमीटरवर असतो, आणि तिथे तीव्र स्वर सर्वांत प्रखर असतात, कारण स्पीकर ते टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे फेकतो. वादकाचे कान मात्र त्या झोताच्या बरेच वर आणि दूर असतात. त्याला खोलीतून परतून आलेला, मऊ झालेला आवाज ऐकू येतो. हेडफोनवर मॉडेलर ऐकून तो कर्कश आहे म्हणणारा माणूस खरं तर माइक लावलेल्या अ‍ॅम्पबद्दल तक्रार करत असतो. खरा ट्यूब अ‍ॅम्प त्याच माइकमधून हेडफोनवर ऐकला तरी तो तसाच वाटेल.

दुसरं कारण नुसता जोर. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मनसन यांनी १९३३ साली दाखवून दिलं की कान सगळ्या वारंवारता सारख्या ऐकत नाही आणि आवाज कमी असताना खर्जाकडे तर फारच दुर्लक्ष करतो. ५० वॉटचा अ‍ॅम्प आणि एका वॉटला एका मीटरवर ९८ डेसिबल देणारा स्पीकर घेतला, तर पूर्ण ताकदीला हिशेब ११५ डेसिबलच्या आसपास जातो. त्या जोरात काहीही भरलेलं आणि जिवंत वाटतं. (८५ डेसिबलला आठ तास आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, हा श्रवणसुरक्षेचा प्रचलित हिशेब धरला तर १०० डेसिबललाच फक्त १५ मिनिटं मिळतात. कानांत बोळे घालून वाजवा, हे मी कळकळीने सांगतो.)

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जोरात वाजणाऱ्या स्पीकरमधून निघालेली हवेची लाट गिटारवर आदळते आणि तारांना पुन्हा हलवते. तारा, पिकअप, अ‍ॅम्प, स्पीकर, हवा आणि परत तारा, असं पूर्ण वर्तुळ तयार होतं. स्वर विझत नाही; गिटार जराशी फिरवली की तो वेगळ्याच हार्मोनिकवर उडी घेतो. हेडफोन लावून वाजवताना हे वर्तुळ तुटलेलं असतं. मॉडेलरच्या आतलं गणित कितीही चांगलं असलं तरी तुमच्या तारांपर्यंत हवा पोहोचत नाही. तोच मॉडेलर पॉवर अ‍ॅम्प आणि मोठ्या स्पीकरला जोडला की वर्तुळ पुन्हा जुळतं.

विलंबाचा आक्षेपही वारंवार येतो. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. मॉडेलरला तीन मिलिसेकंद लागत असतील, तर ते अ‍ॅम्पपासून एक मीटर मागे सरकून उभं राहण्यासारखं आहे. एवढ्याने वाजवण्यात अडचण येऊ नये. संगणकावर बफर (संगणक एका वेळी जमवून घेतो तो आवाजाचा तुकडा) मोठा ठेवला तर मात्र नक्की येते.

आणि ‘खरा’ अ‍ॅम्प म्हणायचं तरी कोणाला? जुन्या सुट्या भागांची मूल्यं छापील आकड्यापेक्षा दहा-वीस टक्के इकडेतिकडे असत. ट्यूब झिजतात, भिंतीतल्या वीजपुरवठ्याचं व्होल्टेज बदलतं. एकाच मॉडेलचे दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवले तर त्यांच्यातला फरक कित्येकदा त्यांपैकी एक आणि त्याचं चांगलं डिजिटल मॉडेल यांच्यातल्या फरकाहून मोठा निघेल.

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने किंवा हळू आवाजात सराव करणाऱ्याने मॉडेलर घ्यावा, असं मला निःसंकोच वाटतं. स्पीकर आणि तारा यांच्यातलं ते वर्तुळ, म्हणजे फीडबॅक, हाच ज्याच्या वाजवण्याचा भाग आहे, त्याला हवा हलवणारा स्पीकर लागणारच, त्यामागे ट्यूब असो वा नसो. आणि दोन्हींची तुलनाच करायची असेल तर ती अशी करा: मॉडेलरमधली स्पीकरची नक्कल बंद करा, दोन्ही एकाच स्पीकरवर ऐका, मीटर लावून जोर सारखा करा आणि एकाच जागी उभे राहा. एक फरक तरीही उरू शकतो. आठ ओहमच्या स्पीकरचा रोध खर्जातल्या त्याच्या अनुनादाच्या जागी अनेक पटींनी वाढतो आणि तीव्र स्वरांकडेही चढत जातो. ट्यूबचा पॉवर अ‍ॅम्प अशा जागी जास्त व्होल्टेज देतो, ट्रान्झिस्टरचा जवळपास सगळीकडे सारखंच देतो. त्यामुळे ट्यूबवाला खाली जास्त दणकट आणि वर जास्त उजळ वाटतो. अनेक मॉडेलरमध्ये हा स्पीकरचा वक्र आता वेगळ्या सेटिंगने लावता येतो. तो लावा आणि मग पुन्हा ऐका.