दीड एकराला कसले हातमोजे?

जुन्नर-आंबेगावात टोमॅटोच्या प्लॉटवर कीटकनाशक फवारताना हे हमखास ऐकू येतं: "दीड एकराचं तर रान, त्याला कसले हातमोजे?" रान लहान, औषध कमी, म्हणून धोका कमी. हा हिशेब पटण्यासारखा आहे, पण चुकलेला आहे.

सगळ्यात जहाल औषध फवाऱ्यात नसतं, बाटलीत असतं. लिटरला २ मिली टाकलं की ते ५०० पट पातळ होतं. म्हणजे टोपणाने मापताना बोटांवर सांडलेलं १ मिली औषध आणि अर्धा लिटर फवारा, दोन्हींत विष सारखंच. एकरी २०० लिटर पाणी धरलं, तर पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाला एकरात १२-१३ वेळा बाटली उघडावी लागते. नारायणगावकडचा द्राक्षबागायतदार ब्लोअरची, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राची, ६०० लिटरची टाकी भरतो, तेव्हा बाटली एकदाच उघडते. एकरामागे मोजलं तर जहाल औषधाशी हात जास्त वेळा लागतो तो लहान शेतकऱ्याचा. हातमोजे-गॉगलची किंमत मात्र एक एकरवाल्याला आणि वीस एकरवाल्याला तेवढीच, त्यामुळे खर्चाला कात्री तिथेच लागते.

आता शरीरात काय होतं ते बघू. प्रोफेनोफॉससारखी औषधं ऑरगॅनोफॉस्फेट गटातली. मज्जातंतूचा निरोप स्नायूला देणारं रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. निरोप पोचला की ते लगेच तोडावं लागतं. ते तोडणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू निकालात काढतो. हे तोडण्याचं काम जिथे होतं, त्या विकराच्या सक्रिय जागेत सेरीन नावाचं अमिनो आम्ल असतं. औषधातला फॉस्फरसवाला भाग नेमका त्याला चिकटतो आणि विकर ठप्प होतं. निरोप थांबतच नाही: घाम, लाळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू, शेवटी श्वास. काही तासांनी त्या चिकटलेल्या भागातला एक गट गळून पडतो आणि जोड इतका पक्का होतो की पीएएम या उताऱ्याचं इंजेक्शनही तो सोडवू शकत नाही. मग नवं विकर तयार होण्याची वाट बघायची, आणि त्याला आठवडे लागतात. टोमॅटोची पुढची फवारणी तर चार दिवसांवर आलेली असते! थोड्या थोड्या अंगात गेलेल्या औषधाचा परिणाम असा साचत जातो.

फवारणीआधी ग्लासभर दूध प्यायलं की विष बाधत नाही, ही समजूत अजून टिकून आहे. कातडीतून रक्तात गेलेल्या औषधाला पोटातलं दूध काय करणार?

मोठं रान म्हणजे सुरक्षित रान, असंही नाही. तिथे पंप मजुराच्या पाठीवर जातो. २०१७ साली यवतमाळात कापसावर फवारताना वीसहून जास्त माणसं गेली, त्यांत शेतमजूर बरेच होते.

मोशीच्या कृषी प्रदर्शनात गर्दी असते ती ड्रोनभोवती. माणूस फवाऱ्यातून बाहेर पडतो, हे खरंच चांगलं. पण ड्रोन एकराला १० लिटरच पाणी वापरतो. औषध तेवढंच असेल तर द्रावण वीसपट जहाल, आणि टाकी भरायची ती हातानेच.