फाल्गुन-चैत्रातील गोठा आणि शिवार (मराठवाडा)

रब्बी ज्वारीच्या काढणीपासून उन्हाळी नांगरट उरकेपर्यंत जनावरे, गोठा आणि रिकामे रान यांची जी कामे हातात हात घालून चालतात, त्यांची ही नोंद. लाल कंधारी, देवणी, मराठवाडी म्हैस आणि संकरित गायी या साऱ्यांना ती लागू आहे. गुढीपाडव्याला नवा सालगडी येतो. खालच्या गोष्टी त्याला त्याच दिवशी सांगाव्यात.

किरळ. ज्वारी काढल्यावर अवकाळी पाऊस झाला किंवा शेजारच्या पाटाचे पाणी शिरले की धसकटांना हिरवे पोंगे, म्हणजे किरळ, फुटतात. कोरड्या रानातून आलेले जनावर आधी त्यांवरच तुटून पडते. या पोंग्यांतील धुरिन या द्रव्यापासून पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. जनावर धापा टाकते, थरथरते, कोसळते. कधी पाव तासातच सारे संपते. उतारा सोडियम थायोसल्फेटचा, तोही पशुवैद्यकाने शिरेतून द्यायचा, म्हणून फुटलेल्या धसकटात जनावरे सोडूच नयेत. नीट वाळलेल्या कडब्यात हा धोका फारच कमी असतो.

गोचीड. उन्ह तापू लागले की गोचीड वाढते. रक्त पिऊन टपोरी झालेली मादी खाली गळते, भिंतीच्या भेगेत किंवा गव्हाणीखाली शिरते आणि तिथे हजारो अंडी घालते. पिल्ले उपाशीपोटी कित्येक आठवडे तग धरतात. नुसते जनावर फवारून पंधरवड्याने गोचीड ‘परत आली’ असे वाटते, पण ती गोठ्यातून गेलेलीच नसते.

आधी गोठा रिकामा करावा. खुंट्याभोवतीची माती खरवडून जाळावी, भेगा बुजवाव्यात, भिंतींना चुना द्यावा. डेल्टामेथ्रिनचे जनावरांसाठीचे औषध (मिलिलिटरला 12.5 मिलिग्रॅम) लिटरभर पाण्यात 2 मिलि घेऊन सकाळी किंवा ऊन कलल्यावर केसांच्या उलट दिशेने फवारावे. पाठ चकचकीत भिजते आणि कानाची पाळी, शेपटीचे मूळ, जांघ व कासेमागची घडी कोरडी राहते, ही नेहमीची चूक. गोचीड नेमकी तिथेच असते. फवारणीआधी पोटभर पाणी पाजावे आणि अंग वाळेपर्यंत मुसके बांधावे, म्हणजे जनावर चाटत नाही. त्याच दिवशी भेगांतही फवारावे आणि 15 दिवसांनी सारे पुन्हा करावे. कपाशीवरचे उरलेले कीटकनाशक जनावराला लावणे म्हणजे विषबाधेला आमंत्रण. उरलेले द्रावण ओढ्याविहिरीत ओतू नये, मासे मरतात.

संकरित गाईला सणकून ताप आला आणि खांद्यापुढची गाठ सुजली, तर गोचीडतापाची (थायलेरिओसिस) शंका घ्यावी. बुपारव्हाक्वोन लवकर टोचले तरच गुण येतो. लघवी कॉफीसारखी होत असेल, तर तो बहुधा बबेसिओसिस. त्याचे औषध वेगळे.

पऱ्हाटी (कपाशीची उभी वाळकी झाडे). शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या आणि गुरे रानात सोडली की उरलीसुरली बोंडे खाल्ली जातात आणि गुलाबी बोंडअळीचा आसरा घटतो. फवारणी नुकतीच झाली असेल तर मात्र थांबावे. सरपणासाठी आखाड्याजवळ (शेतातल्या झोपडी-गोठ्याजवळ) रचलेली पऱ्हाटी हेच अळीचे खरे घर: किडक्या बोंडांतील अळ्या पुढच्या हंगामापर्यंत तिथेच दडतात. त्यामुळे ती पावसाळ्याआधी जाळून किंवा बारीक करून संपवावी.

तण. हराळी, कुंदा, लव्हाळा यांच्यावर उन्हाळी नांगरटीइतका स्वस्त उपाय नाही. ढेकळे उन्हात तापू द्यावीत आणि हराळीच्या काशा (जमिनीखालची पेरांची खोडे) वेचून जाळाव्यात. ओल असताना रोटाव्हेटर मारला तर काशांचे तुकडे होतात आणि एकेका पेरापासून नवे रोप उगवते. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, एका उन्हाळ्यात तो हटत नाही.

गाजरगवत फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. फुललेले उकिरड्यावर टाकू नये. जनावरांनी खाल्लेल्या कितीतरी तणांचे बी शेणातून जिवंत बाहेर पडते. उकिरडा ओला ठेवून महिन्याने उलटला तर आतील उष्णतेने त्यातले बरेचसे मरते; कोरड्या, न हलवलेल्या ढिगाचे खत म्हणजे रानात तण पेरणेच.