खटकन बंद होणारा टीव्ही गेम

राजारामपुरीतल्या आमच्या घरी टीव्ही गेम बंद करायची एकच पद्धत होती: आई यायची आणि भिंतीवरचा स्विच पाडायची. आमचा जीव जायचा, यंत्राला मात्र काही होत नसे. यंदा भाच्यानं तसाच दिसणारा राखाडी डबा घेतला. आत जुनी चिप नाही, एटीएम कार्डाएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक आहे. आईनं सवयीनं स्विच पाडला, आणि दुसऱ्या दिवशी डबा सुरूच होईना.

1983 साली जपानमध्ये आलेला फॅमिकॉम हा टीव्ही गेम आणि आपल्याकडे मिळणाऱ्या त्याच्या नकला, सगळ्यांचं तंत्र एकच. गेम कॅसेटमधल्या रॉम चिपवर कायमचा कोरलेला. यंत्र तो फक्त वाचायचं. स्वतःची कामाची मेमरी अवघी 2 किलोबाइट. वीज गेली की ती पुसली जाई, आणि गमावण्यासारखं बहुधा काही नसेच.

पायवर मात्र लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते आणि ती मायक्रोएसडी कार्डावर अधूनमधून लिहीत असते. कार्डात चार अक्षरं बदलायची तरी फ्लॅश मेमरीचा अख्खा तुकडा पुसून नव्यानं लिहावा लागतो, आणि कुठला मजकूर कुठे गेला याची नोंदही बदलावी लागते. दुकानदार उधारीचं पान नव्या वहीत उतरवतोय, जुनं फाडलंय, आणि तेवढ्यात लाईट गेली, असा तो प्रकार.

म्हणून चांगल्या डब्याचं बटण वीज तोडत नाही. ते पायच्या 40 पिनांपैकी एकीवर खूण पाठवतं. ती दिसली की एक छोटा प्रोग्रॅम लिनक्सला आवरतं घ्यायला लावतो, आणि मगच डब्यातलं सर्किट वीज तोडतं. या डब्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

उद्यमनगरातला कास्टिंगवाला मित्र म्हणाला, ॲल्युमिनियमचाच डबा ओतू की! उष्णता प्लास्टिकपेक्षा शेकडो पटीनं सहज वाहून जाईल, हे खरं. पाय 4 सुमारे 80 अंशांना पोचला की वेग कमी करतो. पण बंद धातूत वायफाय अडतं. आम्ही प्लास्टिकच ठेवलं, पंखा बसवला.

कार्डावर लिनक्स आणि गेम पुन्हा भरले आणि डबा सुरू झाला. लाईट गेली तर मात्र बटण काय करणार? त्यावरही सोय आहे: कार्ड फक्त वाचायचं, लिहायचं ते सगळं रॅममध्ये, म्हणजे वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या कामाच्या मेमरीत. थोडक्यात, पुन्हा कॅसेटच. पण मग गेम कुठवर आला ही नोंदही लाईटबरोबर जाते, आणि भाचा त्याला अजून तयार नाही.