वाकडी कॅसेट वाकडीच वाचावी

बाबांनी आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या गाण्यांच्या कॅसेट्स गेल्या वर्षी एका दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या. घरी लावल्या, तर गाणं पांघरुणाखालून येतंय असं वाटलं. तानपुरा नुसता घुमत होता, जवारी, म्हणजे तारांची ती झणझणीत झळाळी, गायब. "फीत जुनी झाली," असं दुकानात सांगितलं. ॲम्प्लिफायर बदला, असंही एकाने सुचवलं. फीत शाबूत होती आणि ॲम्प्लिफायरही. सगळा घोळ एका स्क्रूचा होता.

कॅसेटची फीत हेडसमोरून, म्हणजे ती वाचणाऱ्या भागासमोरून, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. म्हणजे १०० हर्ट्झचा खर्जातला सूर फितीवर सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीची लाट उमटवतो, पण १०,००० हर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम ४.७६ मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या लाटा हेडमधली एक बारीक उभी फट वाचते.

आता ही फट अर्ध्या अंशाने कलली असं समजा. स्टिरिओ हेडमध्ये डाव्या किंवा उजव्या आवाजाची फट साधारण ०.६ मिलिमीटर उंच असते. एवढ्या उंचीवर अर्धा अंश म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकात ५.२ मायक्रॉनचा फरक. १०,००० हर्ट्झची अख्खी लाट त्यात मावते! फटीचा एक भाग लाटेचा उंचवटा वाचतो, त्याच क्षणी दुसरा खोलगा वाचतो, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. खर्जाच्या लांब लाटेला मात्र याचा पत्ताही लागत नाही. म्हणून आवाज बंद पडत नाही, फक्त त्याची धार जाते.

तानपुऱ्याला हा कल सगळ्यात महाग पडतो. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, बाक आणि जवारीचा दोरा यांमुळे तारेतून उपस्वरांची, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांची, रांग उठते, सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच गोष्टीवर लिहिलं होतं. त्या रांगेतले वरचे उपस्वर आधी मरतात.

दुकानातलं डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र, कदाचित अगदी सरळ लावलेलं असेल. पण बाबांच्या टेपरेकॉर्डरचं हेडच कललेलं होतं. जी फीत वाकडी लिहिली, ती वाकडीच वाचायला हवी.

मी एक जुनं डेक आणलं. त्याचा रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा चिकट झाला होता, तो बदलला. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला स्क्रू असतो, त्याच्या मूळ जागेवर नेलपॉलिशचा ठिपका दिला. डावा-उजवा आवाज एकत्र करून हेडफोन लावला आणि पेचकस केसभर फिरवला. काही नाही. उलट दिशेला फिरवला, आणि निवेदिकेच्या 'सादर करीत आहोत'मधला 'स' एकदम लख्ख ऐकू आला. आणखी फिरवल्यावर पुन्हा मंदावला. म्हणजे जागा मधेच कुठेतरी. डावी-उजवी बाजू एकत्र ऐकली की कल चटकन कळतो, कारण फितीवर त्या एकमेकींपासून लांब असतात आणि तिथे फरक आणखी मोठा होतो.

हे काम रेकॉर्डिंगच्या आधीच करायचं. नंतर संगणकावर ट्रेबल वाढवला तर फितीची सळसळच वाढते. जे वाचलंच गेलं नाही ते परत येत नाही.

'१९२ किलोहर्ट्झवरच (म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुने घेऊन) उतरवा, सोन्याचा मुलामा दिलेली केबल घ्या' या सल्ल्यांवर मात्र पैसे घालवू नका. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले की २२,०५० हर्ट्झपर्यंतचं सगळं नोंदवता येतं, आणि घरी भरलेल्या कॅसेटवर तितक्या वरचं काही नसतंच. केबल शाबूत असली, सांधे स्वच्छ असले की पुरे.

बाबांनी मधे टेपरेकॉर्डर बदलला होता, त्यामुळे नंतरच्या कॅसेट्सना स्क्रू पुन्हा फिरवावा लागला. आता प्रत्येक खोक्यावर पेन्सिलीने खूण आहे: 'जुना' किंवा 'नवा'. बाजारातून घेतलेल्या कॅसेट्स लावताना ठिपक्यापासून सुरुवात करतो.