विहीर सामाईक, सातबारा वेगळा: मल्टीक्लासच्या स्पेल्समागची गोष्ट

सांगलीत विश्रामबागला एका मित्राच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं, म्हणजे आपापलं पात्र घेऊन फाशांवर गोष्ट पुढं न्यायचा खेळ, पाच जण, मध्ये भडंगाचं पातेलं, त्यात कधीकधी फासे पडतात. मागच्या पावसाळ्यात एका फायरबॉलवरनं, म्हणजे आगीच्या गोळ्याच्या स्पेलवरनं (स्पेल म्हणजे जादूचा मंत्र), आमचा दीड तास गेला. झालं असं की एकाचं कॅरेक्टर मल्टीक्लास, म्हणजे दोन क्लासचं, दोन पेशांचं: क्लेरिक (देवाच्या जोरावर जादू करणारा) ३ आणि विझर्ड (पुस्तकातनं जादू शिकलेला) २, म्हणजे एकूण लेव्हल ५. त्याने पुस्तकातलं मल्टीक्लासचं टेबल बघितलं तर तिसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट दिसले (एक स्लॉट म्हणजे एकदा स्पेल टाकायची ताकद; स्पेलच्या लेव्हल्स कॅरेक्टरच्या लेव्हलपेक्षा वेगळ्या, फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा), आणि आधीच्या खोलीत फायरबॉलचा स्क्रोल सापडलेला होताच, तो म्हणला हा मी माझ्या स्पेलबुकात उतरवून घेतो. डीएम, म्हणजे आमचा खेळ चालवणारा, म्हणला, नाही उतरवता येत.

"स्लॉट हाय की लका!"

"स्लॉट हाय. पण विझर्ड म्हणून तू दोनच लेव्हलचा हायस, तुला पहिल्या लेव्हलचेच स्पेल जमतात."

"मग स्लॉट काय लोणचं घालायला दिलाय?"

डीएम तासगावकडचा, घरची द्राक्षबाग. तो शेवटी म्हणला, असं समज की विहीर सामाईक हाय पण सातबारा वेगळा. पाणी दोघा भावांचं एकत्र मोजायचं, पण कुणाच्या रानात काय लावलंय ते ज्याचं त्याचं. आणि ज्वारीला कितीबी पाणी पाजलं तरी तिला द्राक्षं लागत न्हाईत. त्या दिवशी आम्ही बहुमताने त्याचं ऐकलं नाही, फायरबॉल उतरवू दिला, आणि पुढचे दोन रविवार बाकीच्यांना करायला कामच उरलं नाही. मग गुपचूप मागे घेतलं.

पण माझ्या डोक्यात राहिलं की हा नियम असला अर्धामुर्धा कशाला, पाणी एकत्र करायचंच तर सगळंच करा की, नाहीतर काहीच करू नका. म्हणून जुन्या आवृत्त्यांचे नियम वाचत बसलो, आणि दिसलं की गेल्या पन्नास वर्षांत ही विहीर कधी एकत्र कधी वेगळी असं बऱ्याचदा करून झालंय.

सुरुवात १९७४. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा या खेळाचा तीन पुस्तिकांचा बॉक्स, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या टीएसआर कंपनीचा. क्लास तीनच: फायटिंग मॅन, मॅजिक यूजर (आताचा विझर्ड), क्लेरिक. स्पेल पाठ करायचा, वापरला की डोक्यातनं गेला, ही कल्पना लेखक जॅक व्हान्सच्या १९५० च्या 'द डायिंग अर्थ' या पुस्तकातनं उचललेली, आणि स्लॉटच्या कल्पनेचं मूळ तेच, म्हणजे डोक्यात किती जागा आहे. मल्टीक्लास असा शब्द तिथं नव्हता, पण एल्फ होता, टोकदार कानांच्या जमातीतला. एल्फला सवलत अशी की एका मोहिमेला फायटर म्हणून जायचं, पुढच्या मोहिमेला मॅजिक यूजर म्हणून, पण एकाच मोहिमेत मधे बदलायचं नाही. दिवसा दुकान, रात्री तमाशाचा फड, पण एका वेळी एकच. दोन नियम एकमेकांना चिकटायचा प्रश्नच आला नाही.

खरा प्रश्न १९७८ ला आला, अॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या प्लेअर्स हँडबुकात. तिथं दोन वाटा केल्या. माणसांना एक, एल्फ, ड्वार्फ, हाफ एल्फ वगैरे मंडळींना दुसरी. माणसाची वाट म्हणजे जुनी नोकरी सोडून नवीन ठिकाणी ट्रेनी म्हणून लागायचं: जुन्या क्लासच्या मुख्य गुणात (ताकद, बुद्धी वगैरे) किमान १५, नव्याच्या गुणात १७ पाहिजेत, एकदा सोडलेल्या क्लासात परत वर चढता येत नाही, आणि नव्या क्लासची लेव्हल जुनीच्या पुढं जाईपर्यंत जुनं कसब वापरलं तर त्या मोहिमेचे अनुभवाचे पॉइंट, ज्यांवर लेव्हल वाढते, ते बुडाले. म्हणजे दहा वर्षं तलवार चालवलेला माणूस गोब्लिनसमोर फक्त एक स्पेल मारून मग झाडामागं लपून बसलाय, हातात काठी, कारण तलवार काढली तर पॉइंट जातात. मला हा नियम वाचून हसूच येतं, पण त्यामागची भीती खरी होती, की नाहीतर सगळेच एकेक लेव्हल चाखत फिरतील.

दुसरी वाट म्हणजे आपला मल्टीक्लास. दोन्ही क्लास पहिल्यापासनं एकत्र, मिळालेले अनुभवाचे पॉइंट निम्मे निम्मे, आणि दोन्हीकडचे स्पेल्स पूर्ण वेगळे मोजायचे. वाटेल की निम्म्याने वाटणी म्हणजे माणूस निम्माच राहणार. इथंच गंमत आहे. त्या काळात पुढच्या लेव्हलला लागणारे पॉइंट सुरुवातीला जवळजवळ दुप्पट दुप्पट होत जायचे. हिशोब करून बघा: ९०,००० पॉइंट मिळवलेला नुसता मॅजिक यूजर ७ व्या लेव्हलला. तेवढेच पॉइंट क्लेरिक आणि मॅजिक यूजर यांच्यात वाटले तर प्रत्येकी ४५,०००, आणि त्यात मॅजिक यूजर ६ व्या लेव्हलला, क्लेरिकपण ६ व्या. म्हणजे एका लेव्हलच्या बदल्यात अख्खा दुसरा क्लास. दोन विहिरी, दोन्ही तुडुंब. हे फुकटात होऊ नये म्हणून या मंडळींना लेव्हलची मर्यादा घातली, एल्फ कितीही हुशार असला तरी मॅजिक यूजर म्हणून ११ च्या वर नाही, आणि बरेच डीएम ती मर्यादा पाळायचे नाहीत असं जुने खेळाडू सांगतात. १९८९ ची दुसरी आवृत्ती आली तरी या दोन वाटा तशाच राहिल्या.

१९९७ ला टीएसआर विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली, आणि २००० ला तिसरी आवृत्ती आली, जोनाथन ट्वीट, माँटी कुक आणि स्किप विल्यम्स यांची. त्यांनी दोन वाटांची भानगडच मोडली. माणूस असो एल्फ असो, प्रत्येक वेळी लेव्हल वाढली की पाहिजे त्या क्लासमध्ये एक लेव्हल घ्या. सगळ्या क्लासेसना पॉइंटचं टेबल एकच. एकदम साफ, वाचताना वाटतं व्वा. पण स्पेल्सचा हिशोब मात्र जुनाच ठेवला, ज्या त्या क्लासचा वेगळा, आणि इथं वाट लागली. कारण आता लेव्हल्सचीच सरळ वाटणी, १० चे ५ आणि ५ होतात, जुन्यासारखे ७ च्या जागी ६ आणि ६ नाही. जुन्या दुप्पट होत जाणाऱ्या टेबलाने जे झाकलं होतं ते उघडं पडलं. १० व्या लेव्हलचा विझर्ड फायरबॉल टाकताना १० फासे टाकतो (जितके फासे तितका मार) आणि पाचव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल्स वापरतो, तर त्याच्या शेजारी उभा क्लेरिक ५ विझर्ड ५ बिचारा ५ फासे टाकतो आणि तिसऱ्या लेव्हलला संपतो. दोन विहिरी आहेत पण दोन्ही गुडघाभर, आणि समोर राक्षस दहाव्या लेव्हलचा.

म्हणजे चूक स्पेलच्या नियमात नव्हती, शेजारचा नियम बदलला म्हणून तो उघडा पडला. हे मला सगळ्यात भारी वाटलं, कारण आपण वाद घालताना फक्त समोरचं पान बघतो.

मग ठिगळं सुरू झाली. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत, हो नाव खरंच तसलंच, मिस्टिक थर्ज म्हणून एक खास क्लास आला, ज्याच्या एका लेव्हलला दोन्हीकडचे स्पेल्स पुढं सरकतात. क्लेरिक ३ विझर्ड ३ करून तिथपर्यंत पोचायचं, म्हणजे मधली काही लेव्हल्स उपाशी काढायची. तलवार आणि जादू पाहिजे असेल तर एल्ड्रिच नाइट, चोरी आणि जादू पाहिजे असेल तर आर्केन ट्रिकस्टर. चौथ्या आवृत्तीने २००८ ला स्लॉटच काढून टाकले, दुसऱ्या क्लासची एखादी पॉवर (खास चाल) एक फीट (लेव्हल वाढताना निवडायची जादा खुबी) खर्चून उसनी घ्यायची एवढाच मल्टीक्लास, त्यामुळे आपल्या विषयापुरतं तिथं सांगण्यासारखं फार नाही.

आणि २०१४ ला पाचवी आवृत्ती, जी आम्ही खेळतो. मागचं सगळं डोक्यात ठेवून वाचली की तो अर्धामुर्धा नियम एकदम सरळ दिसायला लागतो. स्लॉटसाठी सगळ्यांची बेरीज: बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, सॉर्सरर, विझर्ड या पूर्ण जादूवाल्या क्लासेसच्या लेव्हल्स पूर्ण धरायच्या, तलवारीबरोबर थोडी जादू करणाऱ्या पॅलाडिन आणि रेंजरच्या निम्म्या, एल्ड्रिच नाइट झालेल्या फायटरच्या आणि आर्केन ट्रिकस्टर झालेल्या 'रोग' (rogue, चोर) क्लासच्या एक तृतीयांश, अपूर्णांक सोडून द्यायचा. ती बेरीज घेऊन टेबलात बघायचं. म्हणजे क्लेरिक ५ विझर्ड ५ ला १० व्या लेव्हलचे पूर्ण स्लॉट, पाचव्या लेव्हलचे दोनसुद्धा. पण स्पेल्स कोणते येतात ते प्रत्येक क्लासचं एकट्याचं धरूनच, म्हणजे तिसऱ्या लेव्हलपर्यंत. मग पाचव्याच्या स्लॉटचं काय करायचं? फायरबॉल त्यात टाका, ८ च्या जागी १० फासे पडतील. तिसऱ्या आवृत्तीतल्या त्या बिचाऱ्याला जे १० फासे मिळाले नव्हते ते इथं मिळाले, आणि तरी नुसत्या विझर्डकडे असलेले वरचे स्पेल्स त्याला फुकट मिळाले नाहीत. ताकद भरून दिली, विद्या नाही. आमच्या मित्राचा लोणच्याचा स्लॉट तो हाच, त्यात जखमा भरायचा क्युअर वूंड्स टाकला तर एकाच्या जागी तीन फासे.

दोन ठिकाणी अजून लोक अडखळतात. एक, हे मल्टीक्लासचं टेबल दोन क्लासेसना स्पेलकास्टिंग असेल तरच. पॅलाडिनने साध्या फायटरच्या लेव्हल घेतल्या तर पॅलाडिनचंच टेबल बघायचं, निम्मं करत बसू नका, आमच्यात एकाने चार महिने निम्मं केलं होतं. दुसरं वॉरलॉक, अजून एक जादूवाला क्लास. त्याचे स्लॉट बेरजेत येतच नाहीत, तो वेगळा बोअर आहे, पाणी थोडं पण तासाभराच्या शॉर्ट रेस्टमध्ये परत भरतं, विहीर मात्र सहसा रात्रभराच्या लॉन्ग रेस्टशिवाय भरत नाही. बोअरचं पाणी विहिरीवाल्या रानाला दिलं तर चालतं आणि उलटंही. आणि १९७८ च्या त्या १५ आणि १७ ची आठवण म्हणून अजून एक अट राहिलीय, जुन्या नव्या दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात किमान १३.

२०२४ च्या नव्या पुस्तकात पॅलाडिन आणि रेंजरचं निम्मं आता वरच्या बाजूला धरतात, म्हणजे पॅलाडिन ३ चे १ नाही, २. दिसायला बारीक, पण आमच्यात एक पॅलाडिन ३ सॉर्सरर २ आहे, त्याची बेरीज ३ वरनं ४ होते आणि दुसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट जास्त मिळतो. तो दर रविवारी फोनवर ते पान उघडून डीएमच्या समोर धरतो. डीएम भडंगातले शेंगदाणे वेचत म्हणतो, पुढच्या कॅम्पेनला बघू.